टॉवेल आहे, म्हणजे सीतारामराव आहेत

मी खुर्चीवरचा टॉवेल बोलतोय. थरथरतोय, पण ते पंख्याच्या वाऱ्याने नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मला धक्का बसलाय. टॉवेलाला कसला आलाय धक्का, असं तुम्ही म्हणाल. अहो, ज्या माणसाला आपण दोन वर्षं रोज फसवत होतो, तोच आपल्याला फसवत होता असं एका संध्याकाळी कळलं, की सुती काय अन् रेशमी काय, धागा न् धागा उभा राहतो.

मला जरा फुगवून सांगायची सवय आहे. पाणी प्यायलेला टॉवेल फुगणारच. पण शेवटचा भाग मी पिळून, वाळवून, जसा घडला तसा सांगणार आहे.

माझा जन्म सोलापूरचा. पांढराशुभ्र, दोन्ही टोकांना निळी पट्टी. मागावरून उतरलो तेव्हा मालक म्हणाला होता, असा टॉवेल शंभर वर्षांत झाला नाही. (मागाच्या खडखडाटात नीट ऐकू आलं नाही, पण म्हणाला असणारच.) तिथल्या एका लग्नात आहेर म्हणून मी वत्सलाबाईंच्या हाती पडलो. बाई तंजावूरच्या, मराठी घरातल्या. त्यांच्या पेटीत घडी होऊन मी दीड दिवस आगगाडीने दक्षिणेत आलो.

वाटलं होतं, न्हाणीघर मिळेल, साबणाचा वास मिळेल. पण वत्सलाबाईंचे यजमान, सीतारामराव, मला पिशवीत घालून सरळ ऑफिसात घेऊन गेले आणि खुर्चीच्या पाठीवर टाकून मोकळे झाले. सगळं ऑफिस वळून बघू लागलं. टाइप करणाऱ्यांची बोटं थांबली.

कारण त्या ऑफिसात टॉवेल एकाच खुर्चीवर होता, मॅनेजरच्या. शेतीचे पंप विकणारी, दुरुस्त करणारी ती कंपनी. राजवाड्याच्या मागच्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावर तिचं ऑफिस. सीतारामराव तक्रारी घेणारे सीनियर असिस्टंट. असिस्टंटने पाठीमागे टॉवेल टाकणं म्हणजे शिपायाने फेटा बांधून वरातीच्या घोड्यावर बसणं.

मॅनेजर नटराज सर केबिनमधून बाहेर आले. सत्तावन्न वर्षांचे, रुंद, हळू चालणारे. माझ्याकडे पाहिलं, सीतारामरावांकडे पाहिलं. एवढंच म्हणाले, "रेक्झिन फाटलंय ना तुमच्या खुर्चीचं? असू दे." आणि आत गेले.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही.

आता माझं खरं काम ऐका. सीतारामराव तेव्हा बेचाळीस वर्षांचे. शाखाप्रमुख व्हायचं तर एमबीए हवं आणि वय पंचेचाळिसाच्या आत हवं, असा कंपनीचा नियम. गावाबाहेरच्या एका कॉलेजात संध्याकाळचं एमबीए होतं, दोन वर्षांचं, पावणेसहाला वर्ग. ऑफिस सुटायची वेळ साडेसहा. आणि लिहिलेल्या नियमापेक्षा मोठा न लिहिलेला नियम असा, की मॅनेजर उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. नटराज सर सातपर्यंत बसायचे. परवानगी मागावी, तर कंपनीने आधी एकाला स्पष्ट नाही म्हणून कळवलेलं. सीतारामरावांनी मागितलीच नाही. त्याऐवजी ते सकाळी आठला येऊन स्वतः कुलूप उघडू लागले, आणि संध्याकाळी पाच दहाला मला पुढे करू लागले.

इथल्या बसस्टँडवर तुम्ही गेला असाल तर ठाऊक असेल. बस थांबण्याआधीच माणसं खिडकीतून सीटवर टॉवेल टाकतात. मग दारातून कितीही दांडगा शिरो, त्या सीटला हात लावत नाही. टॉवेल आहे, म्हणजे माणूस आहे. येतोच आहे.

सीतारामरावांनी हाच कायदा ऑफिसात आणला. मी पाठीवर, टेबलावर अर्धी पाण्याची बाटली, उघडा चष्म्याचा डबा, वर फिरता पंखा. आणि ते जिन्याने मांजरासारखे खाली.

दोन वर्षं मी ती खुर्ची सांभाळली. एकदा ओरत्तनाडूकडचा एक शेतकरी आला. मोटार जळाली होती, पाणी सोडायचे दिवस होते, बिचारा घाबरला होता. खुर्चीकडे बघत पाव तास गाऱ्हाणं सांगून गेला. मी पंख्याच्या वाऱ्याने दोनदा मान हलवली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक त्याच्या शेतावर हजर! मोटार सुरू! तेव्हापासून माझी खात्री पटली, की तंजावूर विभागाचं काम मीच बघतो. निम्मं एमबीए तर माझ्याच नावावर लागायला हवं होतं.

आणखी एक. त्या ऑफिसात मराठी कळणारे दोघेच, असा माझा समज: सीतारामराव आणि मी. रोज पावणेपाचला वत्सलाबाईंचा फोन यायचा. त्यांची मराठी ऐकून आधी मी चकितच झालो. माझ्या सोलापूरच्या मराठीची ती पणजी शोभेल, आणि चाल थेट तमिळची. पण समजायची सगळी.

"कापी प्यालां काय? क्लास आहे नव्हे?"

"आहे हो. पण आमचं जातं अजून बसलंय."

"हळू बोला. ऐकतील ना!"

"ऐकू दे की. त्याला काय कळतं? आमची मराठी मणजे आमच्या घराचं कुलूप. किल्ली फक्त आपणाकडे."

जातं म्हणजे नटराज सर. एका जागी बसतं, जड आहे, दिवसभर घरघरतं, म्हणून जातं. आणि हे सगळं अर्ध्या काचेच्या केबिनपासून चार हातांवर, मोठ्या आवाजात! "जातं स्वतः उठत नाहीं, मला उठूं देत नाहीं," "जात्याला आज सर्दी झाली, बरं झालं, लवकर जाईल." गेलं मात्र कधीच नाही. या गावची मराठी माणसं बसमध्ये, दुकानात, कचेरीत अशीच बिनधास्त बोलतात. समोरच्याच्या तोंडावर त्याच्याच मिशांची चर्चा करतात. मला गंमत वाटायची. मीसुद्धा पोट धरून हसायचो.

मग आला तो गुरुवार.

त्या दिवशी पावणेसहाला सीतारामरावांची शेवटची तोंडी परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक येणार होते. प्रोजेक्टही इथलाच: ओरत्तनाडू भागातल्या पंपांच्या तक्रारी इतके दिवस का रखडतात? त्यासाठी त्यांनी तक्रारींची जुनी पद्धत बदलून लाल, पिवळ्या आणि हिरव्या चिठ्ठ्यांची नवी पद्धत बसवली होती. ही परीक्षा चुकली तर पुढची वर्षभराने. आणि वर्षभराने वय पंचेचाळिसाच्या पार. दोन वर्षांच्या संध्याकाळी पाण्यात.

आणि दुपारी तीनला, काही न कळवता, चेन्नईच्या हेड ऑफिसातून भरद्वाज साहेब तपासणीला हजर! येताच फर्मावलं, "पाच वाजता सगळे आपापल्या जागेवर. मी प्रत्येकाच्या टेबलाशी येणार."

पावणेपाचला फोन वाजला. सीतारामरावांच्या पाठीचा घाम माझ्यात उतरत होता. तो गार होता. असा गार घाम मी कधी टिपला नव्हता.

"निघालां काय हो?" वत्सलाबाई.

"कसं निघूं? हेड ऑफिसचा साहेब आलाय. प्रत्येकाची खुर्ची बघणार मणतो."

"टॉवेल आहे की."

"आज टॉवेल पुरत नाहीं, वत्सला." असं त्यांनी म्हटलं, आणि मला ते फार लागलं. "गेलं सगळं. हरिदेवाला बोललेला नारळ पण राहूं दे. आणि त्या जात्याला काय, ते बसलंय निवांत."

फोन ठेवला. ते हलेनात. पाच वाजले. पाच पाच झाले. भरद्वाज साहेब पलीकडच्या टोकाच्या टेबलाशी कागद चाळत होते.

तेवढ्यात माझ्यावर एक पंजा पडला. जड, उबदार. नटराज सर खुर्चीमागे उभे होते. वाकले. आणि बोलले.

काय बोलले ते नव्हे हो, कशात बोलले ते ऐका!

"सीतारामराव," ते हळूच म्हणाले, "जातं बसतं इथें. तुम्ही उठा."

मराठीत! त्याच जुन्या, पणजीच्या मराठीत! मी सांगतो, सोलापूरला मला उकळत्या पाण्यात घातलं होतं तेव्हाही माझी अशी गत झाली नव्हती. सीतारामराव इतके ताडकन उठले, की मी जमिनीवर पडलो. त्यांचं तोंड उघडं. माझं तर सगळं अंगच उघडं.

"सर... तुम्हाला... मराठी..."

"राजवाड्याच्या गल्लीत सुंदरीअक्कांच्या घरी आम्ही भाड्याने राहत होतों. दहावीपर्यंत. त्यांच्या हातची दह्यातली डांगरपच्चडी खाऊन वाढलों मी." नटराज सरांनी मला उचललं, झटकलं, नीट खुर्चीवर टाकलं. कडा जुळवल्या. "कुलूप चांगलं आहे तुमचं. पण किल्ली एक आमच्याकडे पण आहे."

"मणजे दोन वर्षं... ते सगळं... सर्दी पण..."

"सर्दी पण."

सीतारामरावांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. "माफ करा, सर. मी तुम्हाला—"

"ते उद्यां. ओरत्तनाडूच्या त्या मोटारीचं आठवतं काय? जळालेली? तो माणूस तुमच्या टॉवेलला सांगत होता, मी आंतून ऐकत होतों. मेकॅनिकला फोन मी केलों. तुमचे संध्याकाळचे फोन सगळे आंत येतात. कुणी तरी बसायला पाहिजे ना सातपर्यंत? नाहीं तर जात्याला काय हौस आहे?"

त्या क्षणी माझं काय झालं विचारू नका. ती मोटार मी दुरुस्त केली नव्हती. विभाग मी चालवत नव्हतो. दोन वर्षं मी नुसता लोंबत होतो, आणि माझ्या मागे, अर्ध्या काचेपलीकडे, एक माणूस रोज स्वतःच्या घरी उशिरा जात होता. वर त्याच्याच नावाने आम्ही दोघं हसत होतो.

"परवानगी मागितली असती तर?" सीतारामरावांनी विचारलं.

"मागितली असती तर मला चेन्नईला कळवावं लागलं असतं. चेन्नई नाहीं मणालं असतं. तुम्ही विचारलं नाहीं, हे उत्तम केलांत. बसमधे टॉवेल टाकला, तर सीट कुणाची?"

"टाकणाऱ्याची."

"मग जा. पाच दहा झाले."

ते गेले. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज मला पहिल्यांदाच आला. एरवी मांजर, त्या दिवशी घोडा.

भरद्वाज साहेब आमच्या टेबलाशी आले. "इथले कुठे आहेत?"

"तक्रारींच्या कामाला," नटराज सर म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं.

भरद्वाज साहेब खुर्चीत बसले. घामेजलेली सगळी पाठ माझ्यावर टेकवली, रंगीत चिठ्ठ्यांचा ट्रे पुढे ओढला आणि तासभर एकेक चिठ्ठी बघत राहिले. "ही पद्धत कुणाची?" त्यांनी विचारलं. नटराज सरांनी माझ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ज्यांचा हा टॉवेल, त्यांची." मी मान हलवली नाही. त्या दिवसापासून मी पंख्यालाही मान देत नाही.

परीक्षा पार पडली. पदवी मिळाली, पंचेचाळिसाला सात महिने उरले असताना. सीतारामराव ओरत्तनाडूच्या शाखेचे प्रमुख झाले. निरोपाच्या दिवशी वत्सलाबाई स्वतः डबा घेऊन ऑफिसात आल्या. नटराज सरांसमोर ठेवला, आणि लाजेने मान खाली घालून म्हणाल्या, "डांगरपच्चडी आहे. मी पण पुष्कळ बोलल्यें, फोनवर."

सर झाकण उघडून म्हणाले, "बाई, जात्याला असंच काही तरी घालत जावं. घरघर कमी होते."

सीतारामराव हसता हसता त्यांच्या पाया पडले. फेब्रुवारीत सर निवृत्त झाले.

आता मी ओरत्तनाडूत आहे. प्रमुखाच्या खुर्चीवरचा टॉवेल, म्हणजे आमच्या जातीत केवढा मान! निळ्या पट्ट्या फिक्या झाल्यात, एका कोपऱ्याचे दोरे सुटलेत. पण मी फुगून होतो. अगदी काल संध्याकाळपर्यंत.

आमच्याकडे हरिता नावाची नवी असिस्टंट आलीये. तंजावूरच्या विणकरांच्या घरातली. घरी ते सौराष्ट्री बोलतात. काल पावणेपाचला तिच्या आईचा फोन आला. केबिनच्या काचेपासून चार हातांवर ती मोठमोठ्याने बोलत होती. सीतारामरावांना एक अक्षर कळत नव्हतं, मलाही नाही. फक्त एक शब्द दोघांना कळला: "एमबीए." आणि मग तिने घड्याळाकडे पाहिलं, केबिनकडे पाहिलं, आणि नाक मुरडून काहीतरी म्हणाली. नाव ठेवलं असणार. काय ठेवलं देव जाणे.

सीतारामराव उठले. मला वाटलं, आता ओरडतात.

त्यांनी मला आपल्या पाठीवरून काढलं. बाहेर येऊन तिच्या खुर्चीवर टाकलं. कडा जुळवल्या. "रेक्झिन फाटलंय तुमच्या खुर्चीचं," एवढंच म्हणाले. रेक्झिन कुठेही फाटलेलं नव्हतं. मी पाठीमागून सगळं तपासलं.

पोरगी आ वासून बघत राहिली. तिची ती अवस्था मी ओळखतो. मी स्वतः अजून त्या धक्क्यातून बाहेर आलेलो नाही.

पाच दहाला ती तंजावूरच्या बसला पळाली. मी तिच्या जागेवर, फिरत्या पंख्याखाली. आत, काचेपलीकडे, बिनटॉवेलाच्या खुर्चीत सीतारामराव फायली उघडून बसले. सात वाजेपर्यंत.

तेव्हा, वाचकहो, एवढंच मागणं आहे. कुठे रिकाम्या खुर्चीवर टॉवेल दिसला, तर त्याला विचारू नका माणूस कुठे आहे. आम्ही थापा मारतो. जरा पलीकडे बघा. कुठलं तरी जातं अजून बसलेलं असेल.