सर्दीचा शेरा

नोंदवहीत एक्केचाळीस नंबरच्या नमुन्यापुढे तिने स्वतःच ‘सर्दी’ असा शेरा मारला होता. सात महिने तो कुणाला खटकला नाही. आज प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी नेमकं त्यावर बोट ठेवलं.

“याला दोन आठवड्यांनी परत बोलवायचं होतं ना? बोलावलंस?”

“राहून गेलं.”

प्रयोगशाळेतलं काम तसं साधं होतं. मधुमेह्यांच्या रक्तातल्या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि एक आकडा दुसऱ्याने भागायचा. अंगात दाह धुमसत असला की उत्तर वाढतं. मूत्रपिंड बिघडू लागल्याची चाहूल त्यातून आधीच लागते का, हे पाहायचं होतं. पण साध्या सर्दीनेही ते वाढतं. म्हणून सर्दीवाला दोन आठवडे यादीतून बाहेर आणि त्याची लघवीची बाटली न तपासताच बेसिनमध्ये.

एक्केचाळीस नंबर म्हणजे तिचा दादा. सुतार. बारा वर्षं मधुमेह अंगावर काढणारा. निदान तपासणी तरी होईल म्हणून तिनेच त्याच्यामागे लकडा लावून त्याला आणलं होतं. बाकीच्यांची उत्तरं दोन-अडीचच्या घरात, दादाचं पाचाला टेकलेलं. तिने पुन्हा मोजून पाहिलं, तेवढंच. मग आठवलं, सुई टोचताना तो दोनदा शिंकला होता. जीव भांड्यात पडला आणि तिने शेरा लिहून टाकला.

दुपारी ती त्याच्या घरामागच्या कामाच्या शेडवर गेली.

“या शास्त्रज्ञबाई! आज कुणाचं रक्त काढायला?”

“दादा, रक्त दिलंस त्या दिवशी तुला सर्दी होती?”

“सर्दी? अगं, रंधा मारून तसाच आलो होतो. नाकात भुसा. लहानपणी तूच मला शिंकोबा म्हणायचीस, विसरलीस?”

विसरली नव्हती. त्या दिवशी फक्त आठवून घ्यायचं नव्हतं.

“ताई, त्यांचे पाय बघा जरा,” चहा घेऊन आलेली वहिनी म्हणाली. “चपलेचा पट्टा रुतून वळ उठतो. मी बोलले की मी किरकिरी.”

“दिवसभर उभा असतो, सुजणारच!”

तिने खाली बसून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला तरी खळगा तसाच राहिला. तिने पिशवीतून बाटली काढली.

“इथे? गिऱ्हाईक पळून जाईल माझं.”

“दादा.”

तिचा आवाज ऐकून तो मुकाट्याने उठला.

लघवीतल्या प्रथिनाचा आकडा तीसच्या आत हवा होता. चारशे दहा आला.

“औषधं आहेत,” मॅडम म्हणाल्या. “उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. मात्र हे सात महिने…” त्यांनी नोंदवही तिच्यापुढे सरकवली.

नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकीच्या शब्दावर एकच रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे. तिने ‘सर्दी’वर रेघ ओढली, शेजारी लिहिलं: ‘रुग्णाला विचारले नव्हते.’ तारीख घातली, सही केली. तेवढ्यात फोन वाजला.

“पास की नापास?” दादा.

“उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचंय. मूत्रपिंडाचं आहे. आणि हे मला सात महिन्यांपूर्वी कळायला हवं होतं. चूक माझी आहे, दादा.”

पलीकडे करवतीचा आवाज थांबला.

“बरं,” तो हळूच म्हणाला, “तुझ्या वहिनीला मात्र मला सर्दीच झालीय म्हणून सांग.”

तिने रेघेखालच्या शब्दाकडे पाहिलं. स्वच्छ वाचता येत होता.

“नाही दादा. ते एकदा लिहून झालंय. फोन दे तिला.”