आज भाजी काय?

मित्रांनो, मी एक जुना ऑक्सिजन मास्क आहे. साथीच्या दिवसांत तुम्ही कानाला अडकवत होता तो मी नव्हे. त्याचे आणि माझे आडनाव तेवढे एक. मी काळ्या जाड रबराचा, पुढे सोंडेसारखी नळी लोंबणारा, वैमानिकाचा मास्क. माझा मुक्काम सध्या दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सोसायटीत, दिवाणखान्याच्या भिंतीवर, एका लाकडी पाटीवर आहे. खिडकीवरून विमाने इतकी खालून जातात की कपाटातले कप किणकिणतात, आणि प्रत्येक वेळी मी पाटीवर अंग चोरून घेतो. हसू नका. मी जन्माचा भित्रा आहे, आणि आमच्या धंद्यात त्याला गुण म्हणतात.

कारखान्यात मला साच्यातून काढले तेव्हा माझ्या आत एक पातळ रबरी झडप बसवली. श्वास आत घेतला की तिने उघडायचे, सोडला की मिटायचे. काम एवढेसे, पण ते करायचे होते सियाचिनच्या हिमनदीवर. तिथल्या चौक्यांवर छोटी हेलिकॉप्टरे डाळ, रॉकेल आणि टपाल पोचवत आणि परत येताना आजारी जवानांना घेऊन येत. माझे साहेब, सूर्यकांत, त्यातलेच एक हेलिकॉप्टर उडवत. शेजारच्या खुर्चीत त्यांचे साथी मुरलीधर असत. दोघांच्याही नाकातोंडावर मास्क, कारण त्या उंचीवर नुसत्या हवेवर माणसाचे भागत नाही.

प्राणवायू कमी पडला की माणूस धापा टाकेल, घाबरेल, असे तुम्हाला वाटत असेल. तसे झाले असते तर किती बरे झाले असते! पुष्कळदा माणूस उलट खुशीत येतो. त्याला सगळे सोपे वाटू लागते, हसू फुटते, आणि हसत हसतच तो डोंगरावर जाऊन आदळतो. विझताना दिवा मोठा होतो म्हणतात ना, त्यातली गत. म्हणून या दोघांनी आपसात एक रीत पाडली होती. उडताना अधूनमधून मुरलीधर विचारत, "सर, आज भाजी काय?" तळावर त्या दिवशी जे शिजले असेल ते साहेबांनी सांगायचे, आणि मग तोच प्रश्न मुरलीधरांना विचारायचा. डोके ठिकाणावर असले की उत्तर चटकन येई. तेही करवादून येई, कारण भाजी रोज कोबीचीच असे.

एकदा एका आजारी जवानाला मागे झोपवून आम्ही परतत होतो. त्याच्याकडे पाहायला साहेब वळले आणि माझी नळी जोडातून निसटली. मी त्यांच्या तोंडावर घट्ट बसलेला, पण रिकामा. मला कळत होते आणि बोलता येत नव्हते. मित्रांनो, याहून मोठी भीती मला ठाऊक नाही. मुरलीधरांनी भाजी विचारली. साहेब खुदकन हसले, अंगठा वर केला आणि चक्क मंगलाष्टके म्हणू लागले! अंगठा वर म्हणजे सगळे ठीक. पण मुरलीधरांनी अंगठ्यावर विश्वास ठेवला नाही. एका हाताने हेलिकॉप्टर सावरत त्यांनी दुसऱ्या हाताने चाचपून माझी नळी जोडली. त्या दिवशी माझ्यातून गेलेला पहिला श्वास मी अजून विसरलेलो नाही.

पुढे मी सेवेतून बाद झालो, साहेब निवृत्त झाले आणि सहकाऱ्यांनी मला पाटीवर बसवून त्यांना भेट दिले. रविवारी सोसायटीतली मराठी मुले जमत आणि साहेब त्यांना हिमनदीच्या खऱ्या गोष्टी सांगत. मंगलाष्टकांची गोष्ट सर्वांची लाडकी. साहेब ती रंगवून सांगत, पण मंगलाष्टके स्वतः कधी म्हणत नसत. सुरुवातीला ते मला स्वतःच्या हाताने पुसत. मग ते काम फडक्याकडे गेले. वरून मी लखलखीत होतो, पण आत माझी झडप वाळली आणि जागच्या जागी चिकटून बसली. आत कोण डोकावणार?

गेल्या नोव्हेंबरात धुरक्यामुळे शाळा बंद पडल्या. समोरची इमारतही दिसेना. साहेबांना दिवाळीपासून खोकला होता. त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई रोज डॉक्टरांकडे चला म्हणत, आणि साहेब रोज सांगत की मी हिमनदीवर राहिलेला माणूस, हा धूर मला काय करणार. दुखणे अंगावर काढायचे आणि वर सकाळी फिरायलाही जायचे, असा त्यांचा हट्ट. त्या दिवशीही ते फिरून आले. मुलांना बाहेर खेळायला बंदी होती, म्हणून सगळी मुले आमच्याकडेच आली. प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या.

साहेब त्या दिवशी फार रंगात होते. विनोदावर विनोद सांगत होते, स्वतःच हसत होते, एकच वाक्य दोनदा म्हणत होते. त्यांचा नातू निहार म्हणाला, "आजोबा आज एकदम फुल फॉर्ममध्ये आहेत यार." मुले हसली. ते हसू मी मात्र ओळखत होतो. मग मंगलाष्टकांची गोष्ट निघाली; तीत जवान मागे झोपला, नळी निसटली, आणि साहेबांनी हात वर करून खड्या आवाजात मंगलाष्टके सुरू केली. मुलांना वाटले, आज आजोबा नाटक करून दाखवताहेत.

"आजोबा, मास्क लावून दाखवा ना, प्लीज," निहार म्हणाला.

साहेबांनी मला भिंतीवरून काढले आणि तोंडावर दाबून पट्टा मागे ओढला. मित्रांनो, त्यांचा श्वास माझ्या झडपेवर येऊन थडकला. झडप उघडली नाही. दुसरा श्वास आला, तोही थडकला. कडेच्या फटीतून आत येत होती तेवढीच हवा. ज्याला मी जगवले होते, त्याचा मीच गळा आवळत होतो. माझ्या रबराला हात असते तर मी स्वतःला टराटरा फाडले असते. मुले टाळ्या वाजवत होती.

स्वयंपाकघरात लाटणे थांबले. प्रमोदिनीबाई पिठाच्या हातांनीच दारात आल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला कधी गाताना ऐकले नव्हते, आणि तो एकदाच कधी गायला होता हे त्यांना पाठ होते. त्यांनी शांतपणे विचारले, "अहो, आज भाजी काय?"

भाजी साहेबांनीच सकाळी आणली होती. ते माझ्याआड खुदकन हसले आणि त्यांनी अंगठा वर केला.

मुलांना अंगठा दिसला. बाईंना अंगठ्याचे नख दिसले. ते जांभळे पडले होते.

त्यांनी मला ओरबाडून काढले ते मी थेट सोफ्याखाली गेलो. ऑक्सिमीटर शोधला तर त्याचे सेल कधीच टीव्हीच्या रिमोटमध्ये गेले होते. बाई त्याच्यासाठी थांबल्या नाहीत. खालच्या मजल्यावरच्या अमोलने गाडी काढली आणि सगळे कॅन्टोनमेंटच्या इस्पितळाकडे धावले. मी सोफ्याखाली अंधारात पडून राहिलो. कोणी काही सांगेना. वरून विमान गेले की वाटे, आता वाईट बातमी येणार.

साहेब परत आले, पण काठीच्या आधाराने, नाकाला पारदर्शक नळी लावून. छातीत न्यूमोनिया भरला होता. कोपऱ्यात आता एक यंत्र गुरगुरत असते, तेच त्यांना प्राणवायू देते. प्रमोदिनीबाईंनी मला केर काढताना शोधून काढले. भंगारात जाणार, असे मी धरूनच चाललो होतो. त्यांनी मला उलटे केले, आत डोकावून पाहिले आणि कात्रीने माझी झडप कापून टाकली. मग पुसून पुन्हा भिंतीवर बसवले. मी आता कोणाला प्राणवायू देऊ शकत नाही, पण कोणाचा श्वासही अडवू शकत नाही. एवढ्यानेच मला हलके वाटते.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तू नुसत्या वरून पुसू नका, कधी आतही डोकावून पाहा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचेही तसेच करा. ती हसली म्हणजे बरी आहेत, असे समजून मोकळे होऊ नका.

भीती माझी अजून गेलेली नाही. यंत्राची गुरगुर जरा बदलली की मी दचकतो. मग स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज येतो, "अहो, आज भाजी काय?" यंत्र दोनदा गुरगुरते. माझे सगळे रबर ताठ होते.

"दुधी," साहेब खेकसतात. "आणि तो मला आवडत नाही, हे तुला लग्नापासून माहीत आहे."

तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव येतो.