अक्रोडाच्या बंदुकीचा हेवा

मी एक जुनी लाकडी बंदूक आहे. मित्रांनो, घाबरू नका. माझ्या नळीला टोकाशी बोटाच्या पेराएवढंच भोक आहे, पुढे सगळं भरीव लाकूड. माझ्यातून आजवर गोळी सुटली नाही, सुटणारही नाही. तरी मी कितीतरी लढायांत होते आणि वाळवंटाच्या कडेच्या आमच्या वार्झाझात नावाच्या गावातली निम्मी माणसं माझ्यासमोर मरून संध्याकाळी घरी जेवायला गेली आहेत.

मी मूळची डोंगरातल्या अक्रोडाची. हम्मू नावाच्या सुताराने मला घडवलं. तो आधी दरवाजे करायचा. पुढे सिनेमाच्या परदेशी कंपन्या आमच्याकडे येऊ लागल्या आणि दरवाज्यांपेक्षा बंदुकांना मागणी वाढली. गावाबाहेर मातीच्या भिंतींची एक गल्ली बांधली होती. या महिन्यात तिच्यावर एका देशाच्या पाट्या, पुढच्या महिन्यात दुसऱ्या देशाच्या. दहशतवादी मात्र तेच असायचे, आमच्या गावचे. सकाळी शेळ्या सोडून आलेली माणसं दहा वाजता डोक्याला फडकी गुंडाळून शत्रू होत.

माझं दुःख जन्मापासूनचं आहे. मला घडवताना हम्मूच्या समोर एक खरी लोखंडी बंदूक ठेवलेली होती. तिच्याकडे पाहून तो माझा घोडा कोरी, तिची नळी मोजून माझी नळी तासे. शेवटी त्याने शिसपेन्सिलीची पूड चोळून मला तिच्यासारखी काळी चकाकी आणली. सगळे म्हणाले, हुबेहूब. हुबेहूब म्हणजे दुसऱ्या कुणासारखी, हे मला त्याच दिवशी कळलं.

ती बंद कुलपाच्या पेटीत, मऊ स्पंजावर झोपायची. मी गोणपाटात. तिला रोज बाहेर काढताना पोलीस सही करायचा. माझी नोंदही कुणी ठेवत नसे. तिच्यात फुसकी काडतुसं भरत. त्यांत गोळी नसते, पण आवाज होतो, जाळ दिसतो. त्यामुळे ती नेहमी पुढच्या रांगेत, नायकाच्या हातात. मी मागच्या रांगेत, धुरात. कॅमेरा तिच्याकडे वळला की माझं लाकूड आतून तडकतंय असं मला वाटे. सवतीसारखा हेवा करायचे मी तिचा.

माझ्या वाट्याला एकच मानाची जागा होती. पडद्यावर बंदूक माणसाच्या अंगाला टेकवायची असली की तिथे मीच लागायचे. फुसकं काडतूसही अंगाला लागून उडालं तर माणूस मरतो. म्हणून ते दृश्य माझं. बहुतेक वेळा माझ्यासमोर बासू असायचा. बासू हम्मूचा शेजारी. तो एकतीस सिनेमांत मेला होता, त्यातल्या एका सिनेमात दोनदा, कारण मधे त्याचं फडकं बदललं होतं. तो घरी पोचला की त्याची बायको दारातच विचारायची, "आज कुणाच्या हातून?" आणि तो सांगेपर्यंत पुढचं बोलून मोकळी व्हायची, "मेलास ते मेलास, येताना पुदिना आणायला काय झालं होतं?"

आम्हां सगळ्या बंदुका हम्मूच्या ताब्यात असत. ट्रकच्या पाठीमागे डावीकडच्या खुंट्या लाकडी बंदुकांच्या, उजवीकडच्या लोखंडी. देण्याआधी तो प्रत्येकीला दोन्ही तळहातांवर आडवी धरून तोलायचा. हलकी लागली की पुटपुटायचा, "हे आपलं." जड लागली की, "हे त्यांचं." मग देऊन टाकायचा. माझ्याबद्दल 'आपलं' म्हटलेलं मला तेव्हा आवडत नसे. मला त्यांचं व्हायचं होतं.

एक सिनेमा पुरा झाला आणि गावच्या चौकात पडदा लावून दाखवला. मागच्या रांगेत बासू मला घेऊन पळत होता. मी त्याच्या हातात बोरूसारखी उडत होते. पुढच्या रांगेतली लोखंडी पेलताना माणसाचे खांदे वाकत होते. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "उस्ताद, बंदूक केलीस की बासरी?" हम्मूही हसला, पण त्याचा चेहरा मी पाहिला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हेवा मला एकटीलाच वाटत नाही. लोखंडी बंदुकांवर देखरेख करणारा परदेशी साहेब होता. त्याचं नाव सिनेमाच्या शेवटी यायचं. हम्मूचं येत नसे.

दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या दस्त्यात खोल भोक पाडलं आणि वितळलेलं शिसं ओतलं. त्याची मुलगी इत्तो पळी धरून शेजारी बसली होती. ती चित्रीकरणात लोकांची फडकी बांधायचं काम करी. ती म्हणाली, "बाबा, मग ओळखणार कशी?"

"चाळीस वर्षं लाकूड हाताळलंय मी, पोरी."

तिने पुढे काही विचारलं नाही, पण पळी धरलेला तिचा हात थोडा थांबला. बापाच्या डोळ्यांत पांढरं उतरायला लागलं होतं, हे गावात फक्त तिला ठाऊक होतं. कंपनीला कळलं असतं तर ट्रकची किल्ली त्याच दिवशी त्याच्या गळ्यातून गेली असती. तो नजरेने नाही, वजनाने काम करत होता. आणि मी तर आनंदात होते. मी जड झाले होते. आता ती आणि मी सारख्या.

पुढे हिवाळा आला. इत्तोने विणलेले लोकरी हातमोजे घालून हम्मू ट्रकवर उभा असायचा. एके सकाळी गल्लीत मोठा गोळीबार होता. ती पुढे, मी मागे. मग शेंगदाण्याएवढ्या कारणाने सगळं फिरलं. वाटाण्याच्या गरम सुपाची वर्दी आली आणि माणसं बंदुका खुंट्यांना अडकवून पळाली. घाईत कुणीतरी मला उजवीकडे टांगलं आणि तिला डावीकडे, माझ्या जागी. तोच गोळीबार जेवणानंतर पुढे चालायचा होता, म्हणून साहेबाने तिच्यातली काडतुसं तशीच ठेवली होती.

इतक्यात ढग सरले, भिंतीवर हवं तसं ऊन आलं आणि दिग्दर्शकाने क्रम बदलला. आधी बासूचं मरण घेऊ, म्हणाला. लोखंडी बंदूक असली की साहेब स्वतः ती उघडून समोरच्या माणसाला दाखवायचा. हे दृश्य लाकडी बंदुकीचं. साहेब सूप पीत राहिला.

हम्मूने डावीकडच्या खुंटीवरून तिला उचललं. मोज्यातल्या तळहातांवर तोललं. जड लागली. पण आता मीही जडच होते. तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "हे आपलं," आणि तिला नटाच्या हातात दिलं.

मित्रांनो, खरं सांगते. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा बासूच्या जिवाचा विचार आला नाही. मनात आलं, माझी एवढी एक जागा होती, तीही हिने घेतली. आणि त्याने हिला आपलं म्हटलं. बासूची आठवण मला त्यानंतर झाली. आजही ती मागे-पुढे झालेली गोष्ट मला लाज आणते.

बासू मातीत गुडघे टेकून बसला. इत्तोने त्याचं फडकं सारखं केलं आणि ती बाजूला झाली. नट परदेशी होता, नवा होता, त्याच्या हातांत चामड्याचे मोजे होते. त्याने नळी बासूच्या कानशिलाला लावली. मी उजव्या खुंटीवर लटकत होते. मला तोंड होतं, पण आवाज नव्हता. आयुष्यभर मी ज्या आवाजासाठी झुरले होते तो मला तेव्हा हवा होता, वेगळ्याच कारणासाठी.

बासूने डोळे मिटले होते. ते त्याने उघडले. मान न हलवता तो अगदी साध्या सुरात म्हणाला, "हम्मू उस्ताद, तुमचं लाकूड आज इतकं गार कसं?"

दिग्दर्शक वैतागला. मरणाऱ्याने मधे बोलायचं नसतं. पण ट्रकवरचा हम्मू मोज्यांसकट डोक्याला हात लावून उभा होता आणि इत्तो धावली होती. तिने नटाच्या हाताखाली आपला हात घालून नळी आकाशाकडे वळवली. साहेब पळत आला. त्याने बंदूक उघडली. तीन काडतुसं त्याच्या तळहातावर पडली. मग कुठून आली ही, असं साहेबाने विचारलं.

बासू म्हणाला, "मीच खुंट्या चुकवल्या." त्याने चुकवल्या नव्हत्या.

हम्मू ट्रकवरून सावकाश उतरला. "बासू, तू आज मेला नाहीस, तेवढं पुरे. माझ्यासाठी खोटं बोलू नकोस." मग साहेबाकडे वळून तो म्हणाला, "माझे डोळे गेलेत. वर्ष झालं." गळ्यातली किल्ली काढून त्याने साहेबाच्या हातात ठेवली. मोबदल्यात एकच गोष्ट मागितली. मला.

त्या दिवशी बासू घरी जाताना पुदिन्याची मोठी जुडी घेऊन गेला. बायकोने विचारलं, आज कुणाच्या हातून. तो म्हणाला, आज राहिलं. ती जुडीकडे बघत राहिली आणि तिने काही टोमणा मारला नाही.

घरी हम्मूने माझ्या दस्त्यातलं शिसं गिरमिटाने कोरून काढलं. राखाडी कुरळे तुकडे फडक्यावर पडत होते आणि इत्तो ते गोळा करत होती. "मीच तिला बिघडवलं," तो म्हणाला. "हलकं असणं हेच तिचं काम होतं." त्याने त्याच अक्रोडाची गुडदी ठोकून भोक बुजवलं. मी पुन्हा हलकी झाले. मला राग आला नाही. मी जड असतानाचं सगळं मी पाहिलं होतं.

हम्मूला जाऊन आता दोन हिवाळे झाले. मी इत्तोच्या घरी भिंतीवर असते. माझ्याखालच्या फळीवर ते लोकरी मोजे आहेत. तिने ते धुतलेले नाहीत. त्यांना अजून शिसपेन्सिलीच्या पुडीचा वास येतो. लोखंडी बंदूक कंपनीबरोबर दुसऱ्या देशात गेली. कधी टीव्हीवर दिसते, पुढच्याच रांगेत, जाळ ओकत. मला अजून थोडं टोचतं. हेवा अक्रोडासारखाच असतो, वाळायला वर्षं लागतात.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. दुसऱ्यासारखं होण्याच्या हट्टात स्वतःची ओळखीची खूण बुजवू नका. कुणीतरी डोळे मिटून त्याच खुणेवर विसंबलेलं असतं. आणि ज्यांची नजर आता साथ देत नाही, त्यांना ते सांगता येईल इतके त्यांच्या जवळ राहा. इत्तो तशी होती, तरी तिला वाटतं की त्या पळीच्या वेळी आणखी एकदा विचारायला हवं होतं.

शुक्रवारी ती माझ्यावरची धूळ पुसते. मग आधी ते मोजे हातांत घालते, मला दोन्ही तळहातांवर आडवी धरते आणि डोळे मिटते. कधीकधी बराच वेळ तशीच उभी राहते.

"हे आपलं," ती म्हणते, आणि मला परत टांगते.