पिवळ्या बोयाच्या अलीकडे

कासव श्वास घ्यायला वर आलं आणि शरयूनं मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबलं. आधी नाकाचं टोक, मग खवल्यांचं कपाळ, मग सुरकुतलेली मान. डोकं पाण्याबाहेर होतं ते जेमतेम दोन सेकंद. फस्स असा बारीक आवाज झाला आणि ते तिरकं होऊन पुन्हा तळाच्या गवताकडे निघालं. मागच्या श्वासापासून चार मिनिटं वीस सेकंद झाली होती. त्याआधीचं अंतर होतं चार मिनिटं पाच सेकंद.

तिसरा आकडा हवा होता. दोन आकड्यांवरून काही म्हणता येत नाही.

तोंडात नळी धरून ती पालथी तरंगत राहिली. खाली कासव चरत होतं. गवताचं पातं ते उपटत नव्हतं, कातरत होतं. एक पातं, मग थोडं पुढे, मग दुसरं. शेपटीजवळ कवचाला एक मासा चिकटला होता आणि कासव वळलं की तोही न सुटता वळत होता. याचा कासवाला त्रास होतो की नाही, हे विचारायचं शरयूनं मनात टिपून ठेवलं.

अमेरिकेतल्या कॅरी गावात एका औषध कंपनीत ती गेली नऊ वर्षं गोळ्या विरघळायला किती वेळ लागतो ते मोजत होती. काचेची सहा भांडी, प्रत्येकात एक गोळी, दहाव्या मिनिटाला नमुना, पंधराव्याला, तिसाव्याला. घरी भातालाही ती घड्याळ लावायची. नवरा, यतीन, म्हणायचा, "आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत नाहीत, त्यांचा रिपोर्ट निघतो."

तिसरा श्वास चार मिनिटं चाळीसला आला. मग ती किनाऱ्याकडे वळली.

यतीन गुडघाभर पाण्यात उभा होता, अंगात नारिंगी लाइफ जॅकेट घालून. मालवणचा माणूस, पण पोहता येत नव्हतं. कुणी चिडवलं की तो म्हणायचा, "समुद्र घराच्या मागेच असला की कुणी शिकत नाही. विहिरीवाले शिकतात." खांद्यावर त्याची पाणी न शिरणारी पिशवी होती आणि पिशवीत निळी फाइल. तिघांचे पासपोर्ट, मंजुरीची पत्रं, पगाराच्या स्लिपा.

"अरे, ती किनाऱ्यावर तरी ठेव," शरयू मास्क कपाळावर सरकवत म्हणाली. "डोमेस्टिक ट्रिप आहे."

"असू दे. कुणी विचारलं तर?"

"कासव विचारणार आहे?"

खरं तर हे बेट निवडलं होतं ते त्यासाठीच. कुलेब्रा कॅरिबियन समुद्रात असलं तरी पोर्तो रिकोचा भाग, म्हणजे अमेरिकाच. कॅरीतल्या मालिनीकाकू म्हणाल्या होत्या, "कॅरिबियनला? मग स्टॅम्पिंगचं काय करणार गं?" तेव्हा शरयूनं नकाशा काढून दाखवला होता. तिघांच्याही पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपून सहा वर्षं झाली होती. देशात राहायला परवानगी होती. बाहेर गेलं तर परत यायला नवा शिक्का लागणार, त्यासाठी वकिलातीची तारीख मिळणार कधी, आणि तोवर नोकरी टिकणार का, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. म्हणून ते कुठे गेलेच नव्हते. देश न सोडता इतका निळा समुद्र पाहता येईल अशी जागा शरयूनं दोन आठवडे शोधली होती.

त्यांची लेक नेत्रा वाळूवर बसली होती, शेजारी फोन पालथा घालून. तिला विसावं पूर्ण झालं होतं. फेब्रुवारीत एकविसावं लागणार होतं... नव्हे, पूर्ण होणार होतं; व्हिसाचं काम पाहणाऱ्या वकिलीणबाईंनी हा फरक नीट समजावून सांगितला होता. एकवीस पूर्ण झाली की ती आईबापांच्या ग्रीन कार्डच्या अर्जातून बाहेर पडणार होती. तिसऱ्या वर्षी ती अमेरिकेत आली, सतरा वर्षं रांगेत उभी होती, आणि आता रांग तशीच राहून तिचं नाव तेवढं गळणार होतं.

शरयूचं म्हणणं होतं, विद्यार्थी व्हिसा घे आणि इथेच शीक. नेत्रानं कुणाला न विचारता ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठात समुद्रशास्त्रासाठी अर्ज केला आणि तीन आठवड्यांपूर्वी तिला जागा मिळाली. होकार कळवायची मुदत होती तिकडच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. इथे गुरुवारची सकाळ होती. म्हणजे जे काही ठरायचं ते आज झोपायच्या आत.

"तू यस म्हणाल्याशिवाय मी क्लिक करणार नाही," नेत्रानं पहिल्याच दिवशी आईला सांगितलं होतं.

आणि शरयू तीन आठवडे म्हणत होती, "बघू."

नेत्रा एकदा गेली की परत यायला तिला पाहुण्यांचा व्हिसा लागणार. आईबाप इथे कायमचं राहायला बघतायत म्हटल्यावर तो नाकारलाही जाऊ शकतो. आणि हे दोघं तिकडे गेले तर यांचं परतणं अडकू शकतं. मधे किती वर्षं जातील, ते मोजायचं घड्याळ शरयूकडे नव्हतं.

मिलाग्रोस हवेच्या टाक्या जीपमधून उतरवत होती. पन्नाशीची बाई, पाठीवर पांढुरकी वेणी, जन्म याच बेटावरचा. पर्यटकांना पाण्याखाली न्यायचं काम ती तीस वर्षं करत होती. शरयूनं तिला आधी चिकटलेल्या माशाबद्दल विचारलं.

"त्रास होत असावा थोडा," मिलाग्रोस म्हणाली. "कधी कधी ती खडकावर पाठ घासतात. पण सगळी नाही."

"आणि अंडी? याच किनाऱ्यावर घालतात?"

"ही नाहीत घालत. ही लहान आहेत अजून. जन्मली दुसरीकडेच, कुठे ते त्यांनाच ठाऊक. प्रवाहाबरोबर आली, ताटलीएवढी होती तेव्हा. इथलं गवत खाऊन मोठी होतात. वीस वर्षं, कधी जास्त. मग जातात."

यतीन पाण्यातूनच ओरडला, "म्हणजे ही सगळी व्हिसावर आहेत म्हण की! जन्म एकीकडे, चरायला दुसरीकडे!"

"बाबा, प्लीज. डोंट."

"अगं, पण टॅक्स भरत असतील बिचारी."

नेत्राला हसू आलं, ते तिनं टॉवेलात लपवलं. शरयूचा मात्र पुढचा प्रश्न तयार होता. "जायची वेळ झाली हे त्यांना कसं कळतं?"

मिलाग्रोसनं खांदे उडवले. "मोजायला शास्त्रज्ञ येतात दरवर्षी. त्यांनाही विचारलं मी. एका वर्षी पाहावं तर एखादं कासव नसतं, एवढंच ते सांगतात."

"एकटंच जातं?"

"एकटंच."

मग फॉर्म आले. मायलेकींनी मिळून पाण्याखाली जायचं, हे नेत्राच्या एका वाढदिवसाला शरयूनंच कबूल केलं होतं. त्यासाठी कॅरीच्या तलावावर तीन उन्हाळे ती पोहायला शिकली होती, शेजारच्या लेनमध्ये सहा वर्षांची पोरं असायची. नेत्रानं दोन मिनिटांत सगळीकडे 'नाही'वर खूण करून कागद परत दिला. शरयू दगडावर बसून एकेक ओळ वाचत राहिली. सातव्या प्रश्नाशी तिचं पेन थांबलं. तुम्हाला कधीही दमा किंवा श्वासाचा विकार झाला होता का?

अकोल्याला, चौथीत. थंडीत धाप लागायची. डॉक्टर काळं औषध द्यायचे, वडील रात्री ओव्यानं पाठ शेकायचे. दोन वर्षांनी ते गेलं ते गेलंच. पण प्रश्नात 'कधीही' होतं. गेल्या सतरा वर्षांत शरयूनं जेवढे फॉर्म भरले, त्या प्रत्येकात हा शब्द होता आणि प्रत्येक वेळी वकिलीणबाईंनी बजावलं होतं, आठवेल ते सगळं लिहा, नंतर सापडलं तर महागात पडेल. तिनं 'होय'वर खूण केली. खाली स्वच्छ अक्षरात वर्षंही लिहिली.

मिलाग्रोसनं कागद वाचला, पुन्हा वाचला. "यावर डॉक्टरची सही लागेल. ती आज इथे नाही मिळायची."

"आई! यू वेअर नाइन!"

"त्यांनी 'एव्हर' विचारलंय."

"अगं, मग खोडून टाक," यतीन एव्हाना बाहेर आला होता. "दुसरा कोरा फॉर्म घे. चाळीस वर्षांपूर्वीचं कोण बघायला येतंय?"

"मी वाचलंय आता," शरयूनं इंग्रजीत सांगायच्या आधीच, त्याचा हातवारा ओळखून मिलाग्रोस म्हणाली. मग तिनं मऊ आवाजात पुस्ती जोडली, "बरोबर लिहिलंत तुम्ही. मुलीचा फॉर्म ठीक आहे. तिला नेऊ?"

शरयूच्या तोंडून निघालं, "बघू."

नेत्रा तिच्याकडे पाहत राहिली. "आई. यातपण 'बघू'?"

वाळूवर एक शंखातला खेकडा यतीनच्या डब्याकडे निघाला होता. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या. शरयूनं डबा उचलून दगडावर ठेवला, झाकण नीट बसलंय का ते पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "जाऊन ये."

मिलाग्रोसनं शरयूला तरंगायचं जॅकेट दिलं आणि दूरचा पिवळा बोया दाखवला. "वरून बघा हवं तर. पण बोयाच्या अलीकडेच. पलीकडे ओढ आहे."

दोघी पाठीवर टाक्या घेऊन पाण्यात शिरल्या. दहा वाजून बारा मिनिटांनी नेत्राचं डोकं पाण्याखाली गेलं. शरयूनं बटण दाबलं आणि वर तरंगत त्यांच्या मागे निघाली.

वरून नेत्रा लहान दिसत होती. केस मागे पसरलेले, हात छातीशी धरलेले. पहिली दोन मिनिटं ती पाय फार मारत होती, मग मिलाग्रोसनं काहीतरी खूण केली आणि पाय मंदावले. तिनं सोडलेला श्वास बुडबुड्यांनी वर येत होता. खाली मण्यांएवढे असलेले बुडबुडे वर येईतो बशीएवढे होत होते. काही थेट शरयूच्या पोटाखाली येऊन फुटले. ते कोमट असतील असं तिला का वाटलं कुणास ठाऊक. ते गारच होते. शरयू लेकीचे श्वास मोजू लागली. आधी मिनिटाला बावीस. पाचव्या मिनिटाला सोळा. नवव्याला बारा.

मग तळ खोल होत गेला, पाणी गडद झालं. समोर पिवळा बोया डुलत होता, त्याला बांधलेली दोरी खाली गेली होती आणि दोरीला हिरवं मऊ शेवाळ चढलं होतं. दोघी दोरीच्या पलीकडे गेल्या. खडकाला वळसा घेतला. नेत्राच्या पायांतले निळे रबरी पंख एकदा दिसले, मग दिसले नाहीत. थोडा वेळ बुडबुड्यांची रांग दिसत होती, तीही खडकामागे गेली.

शरयूनं दोरी धरली. घड्याळाचं दुसरं बटण दाबलं.

दोन मिनिटं. तीन. नळीतून स्वतःच्याच श्वासाचा आवाज कानात भरला, आणि अकोल्याची थंडी आठवावी तशी छाती आवळली. परत फिरावं, मिलाग्रोसला ओरडून बोलवावं असं वाटलं. पण पाण्याखाली ओरडणं पोचत नाही. तिनं दोरीवरचं शेवाळ पाहिलं. त्यात नखाएवढा एक मासा होता, पट्ट्यापट्ट्यांचा. तो बाहेर यायचा, तिच्या बोटाकडे बघायचा आणि आत जायचा. पुन्हा यायचा. सहाव्या मिनिटाला तिच्या लक्षात आलं की दोरी सोडून आपण नुसतंच तरंगतोय, आणि मासा आता तिच्या बोटाला घाबरत नाहीये.

अकरा मिनिटं चाळीस सेकंदांनी खडकाच्या अलीकडे बुडबुडे दिसले.

किनाऱ्यावर आल्यावर नेत्राचं तोंड थांबेना. "आई, इगल रे! एवढाऽऽ! पाठीवर सगळे डॉट्स! ही वॉज जस्ट... उडत होता तो, पाण्यात!"

"पाखट," यतीन टॉवेल देत म्हणाला. "आमच्याकडे पाखट म्हणतात. कालवण झकास होतं."

"बाबा, ईऽऽऽ!"

तो पुऱ्यांचा डबा घेऊन मिलाग्रोसकडे गेला आणि तिला मेतकुटाची पुडी उघडून दाखवू लागला. मायलेकी पाण्याच्या कडेला बसल्या. नेत्राच्या कपाळावर मास्कचा लाल वळ उठला होता. बोलता बोलता तिचा हात सवयीनं फोनकडे गेला. तिनं तो उलटा केला, वेळ पाहिली, पुन्हा पालथा ठेवला.

"चौतीस मिनिटं होतीस तू खाली," शरयू म्हणाली.

"ऑफ कोर्स तू टाइम केलंस."

"त्यातली अकरा मिनिटं चाळीस सेकंद दिसत नव्हतीस. बुडबुडेही नाहीत."

नेत्राचा चेहरा उतरला. "सॉरी, आई. तो रे तिकडे गेला, म्हणून मिलाग्रोस... घाबरलीस?"

"हो. पहिली पाच मिनिटं."

"आणि मग?"

शरयूनं विचार केला. तिला नेमकं उत्तर द्यायचं होतं. "मग दोरीत एक मासा होता, तो बघत बसले."

एक छोटी लाट पायापर्यंत आली आणि गेली. दूर पाण्यावर एक डोकं वर आलं, दोन सेकंद राहिलं आणि बुडालं. या वेळी शरयूनं बटण दाबलं नाही. मनगटावरचं घड्याळ तिनं काढलं, त्यावरची वाळू पुसली आणि नेत्राच्या ओल्या हातावर बांधलं. पट्टा एक भोक आत घ्यावा लागला.

"फोन उघड," ती म्हणाली. "त्यांना 'हो' कळव. तू जा, नेत्रा."