डाव्या हाताची टेप

"बघा तरी मिस्त्री, तुमच्या धाकट्या भावानं काय झोकात दिवे लावलेत!"

दवाखान्याच्या सिस्टरांनी जीप थोरल्याच्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानासमोर उभी केली आणि बटण दाबलं. भर दुपारीसुद्धा समोरची भिंत लख्ख उजळली.

"हं," थोरला म्हणाला. "दिवे काय, कोणीही लावतं."

"असं कसं? काल वस्तीवरून उतरताना रस्त्यातला खडा न् खडा दिसत होता. आज दिवस मावळताना पुन्हा जायचंय, तिथल्या एकीचे दिवस भरलेत. मी औषधांची पेटी भरून आणते, तोवर तेवढा हॉर्न बघा. घोगरा झालाय."

किल्ली त्याच्या हातात ठेवून त्या दवाखान्याकडे गेल्यासुद्धा.

हॉर्न! वीस वर्षं या जीपची एकूण एक वायर त्याच्या हाताखालून गेली होती, आणि आता त्याच्या वाट्याला आला होता घोगरा हॉर्न.

धाकट्यानं पहिल्यांदा पक्कड धरली ती याच दुकानात. त्या काळी लोक जादा दिव्यांची वायर थेट स्विचमधून नेत, आणि दोन महिन्यांत स्विच वितळून जाई. रिलेची काळी डबी इथं पहिल्यांदा आणली ती थोरल्यानं. "स्विचनं नुसता इशारा करायचा, भार रिलेनं उचलायचा. घरात थोरल्यानं उचलावा तसा," असं तो धाकट्याला सांगायचा, आणि दोघं हसायचे. गेल्या वर्षी धाकट्यानं रस्त्यापलीकडे काचेच्या दाराचं दुकान थाटलं, तेव्हा पाटी ठोकून दिली तीही थोरल्यानंच. तेव्हापासून गिऱ्हाईक ती पाटी बघून रस्ता ओलांडू लागलं.

घरी तरी सुख असावं! परवाच बायको म्हणाली, "भाऊजींनी पाच मिनिटांत मिक्सर चालू करून दिला. तुमचं आपलं महिनाभर बघतो, बघतो."

हॉर्नची तार घासून लावायला त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग त्याचे हात बॉनेटखालीच रेंगाळले. कुठंतरी खोट असणारच. फ्यूज बॅटरीला खेटून होता. पत्र्याच्या भोकात वायर घासू नये म्हणून रबराची कडी होती. रिले उभा, पाणी साचणार नाही असा. त्याच्या स्वतःच्या हातूनही इतकं नीट झालं नसतं, आणि हेच त्याला सोसेना.

आत वायरीला जोड दिला असेल. वरून टेप गुंडाळली की आतलं कोण बघतंय?

त्यानं ब्लेड घेतलं आणि वायरींवरची टेप वीतभर उभी चिरली. आत चारही वायरी अखंड होत्या. जोडाचं नाव नाही. घाईघाईनं त्यानं नवी टेप ओढली आणि घट्ट गुंडाळून टाकली.

ऊन उतरलं तेव्हा सिस्टर आल्या. हॉर्न खणखणीत वाजला. मग त्यांनी हौसेनं दिव्यांचं बटण दाबलं. रिले खट् वाजला, पण भिंतीवर उजेड पडला नाही.

"अगं बाई! आत्ता तर लागत होते."

थोरल्यानं बॉनेट उघडलं, पण पक्कड हातातून दोनदा निसटली. सिस्टरांनी रस्त्यापलीकडे हाक मारली. धाकटा हात पुसत, जवळजवळ धावतच आला.

तो वाकला. नव्या टेपवर त्याची नजर क्षणभर थांबली. थोरला डावखुरा होता. त्याच्या टेपचे वेढे साऱ्या जगाच्या उलटे पडत. धाकट्यानं मान वर केली नाही. टेप सोडली. अर्थिंगची काळी वायर ब्लेडनं अर्धी कापली गेली होती आणि टेप आवळताना पुरती तुटली होती.

"काय रे, काय झालंय?" सिस्टरांनी विचारलं.

"माझंच चुकलं, सिस्टर," धाकटा म्हणाला. "अर्थिंगची वायर कच्ची घातली होती मी. दादानं उघडून बघितलं म्हणून इथंच कळलं. नाहीतर चढावर अंधारात बसला असतात."

"बघ! थोरले ते थोरलेच! शीक अजून त्यांच्याकडून."

"शिकतोय की," धाकटा म्हणाला.

‘थोरले ते थोरलेच’ या वाक्यासाठी थोरला वर्षभर झुरला होता. ते आता ऐन रस्त्यात, धाकट्याच्या देखत, चार माणसं ऐकत असताना मिळालं. तोंड उघडावं, खरं सांगावं, असं त्याच्या जिभेवर आलं. पण तोवर धाकट्यानं नवी वायर ओढून बॉनेट लावलंही होतं. सिस्टरांनी गाडी चालू केली. चारही दिवे लागले. जीप वळली आणि वस्तीच्या रस्त्याला लागली.

"दादा, येतो," धाकटा म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता रस्ता ओलांडून गेला.

थोरला तिथंच उकिडवा बसला. मातीत चिरलेल्या टेपचे तुकडे पडले होते. एकेक करून त्यानं ते वेचले आणि खिशात घातले. एकही मागे राहू दिला नाही.