दोन्ही नांग्या

टेबलावर नांग्यांच्या जोड्या लागायला लागल्या आणि थोरलीचं डोकं फिरलं.

धक्क्यावरच्या शेडमध्ये ती वीस वर्षं हेच काम करत होती. धाकटा भाऊ होडीतून खेकड्यांच्या नांग्या आणायचा. थोरली त्या उकळायची, बर्फात घालायची, मापाप्रमाणे लावायची. खेकडा मारायचा नाही, अशी तिथली रीत. एक नांगी काढायची आणि त्याला परत पाण्यात सोडायचं. उरलेल्या नांगीवर तो पोट भरतो आणि कात टाकत टाकत वर्ष-दीड वर्षात गेलेली पुन्हा उगवते. पण आज प्रत्येक जाड नांगीला तिची बारीक जोडीदारीण सापडत होती, त्याच रंगाची, तेच शेवाळ चढलेली. त्यात कित्येकींच्या बुडाला मांसाचा लोंबता तुकडा. म्हणजे नांगी सांध्यातून सुटली नव्हती, उपटली होती. असा खेकडा संध्याकाळसुद्धा बघत नाही.

धाकटा बाहेर दोर गुंडाळत होता. ती तशीच ओल्या हातांनी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"दोन्ही काढतोस?"

"अगं ताई, वाढतात की परत!"

"आणि वाढेपर्यंत खायचं काय त्यांनी? शिंपले तू फोडून देणार आहेस का दातांनी?"

"खेकड्यांचा एवढा पुळका? सख्ख्या भावाचा कधी आला नाही तो!"

शेडमधल्या बायका फिसकन हसल्या. थोरली हसली नाही. हातातली नांगी तिने त्याच्या नाकासमोर धरली. "हे मांस बघ. बाबांनी काय शिकवलं होतं? सांध्यावर अंगठा ठेवायचा आणि सावकाश दाब द्यायचा. आपण तोडायची नाही, तो स्वतः सोडतो. मग जखमेचं तोंडही मिटतं."

"बाबांचे पिंजरे चाळीस होते, माझे दोनशे आहेत. शेडमध्ये बसून अक्कल शिकवायला काय जातंय? होडीवर ये, मग कळेल."

हे त्याने बोलायला नको होतं.

कारण बाबांनी ते आधी तिला शिकवलं होतं. ती बारा वर्षांची होती, आणि खेकडा दिसला की हा तिच्या झग्यामागे लपायचा. पुढे बाबांचे गुडघे गेले तेव्हा होडी मुलाला मिळाली आणि शेड मुलीला. तिला कुणी विचारलं नाही, तिनेही तोंड उघडलं नाही. वीस वर्षं गिळून ठेवलेलं ते सगळं आता घशाशी आलं.

"येते ना," ती म्हणाली. "उद्यापासून होडीवर मी. तू बस उकळत."

धाकटा हसला. सकाळी डबा घेऊन धक्क्यावर आला तेव्हा होडी चार हात लांब गेली होती.

"ताई! वेड लागलंय का? ते इंजिन तापतं!"

"माहितीय! तू रांगत होतास तेव्हापासून तापतंय!"

पहिला पिंजरा वर आला. आत नऊ खेकडे. सहांना एकही नांगी नव्हती, आणि त्यांतले दोन मेलेले. एकाच्या तुटलेल्या जागी नखाएवढी नवी नांगी फुटली होती, मऊ, जवळजवळ पारदर्शक. ती थोरलीवर उगारून तो भांडायला उभा राहिला. आसपास कुणी नव्हतं, म्हणून थोरलीने भावाला तोंडभर शिव्या दिल्या. घसा बसला तरी थांबली नाही. मग नांग्या नसलेल्यांना पाण्यात सोडलं, आणि धडधाकट तिघांची एकेक नांगी काढली, अंगठ्याखाली ती आपणहून सुटेपर्यंत दम धरून.

दुपारी ती परतली तेव्हा वाफेने हात लालभडक झालेला धाकटा दारातच उभा होता. त्याने टोपलीत डोकावून पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"हे असं किती दिवस चालायचं?"

"त्यांच्या नांग्या येईपर्यंत."

"अगं, वर्ष जाईल!"

"जाऊ दे. माझी वीस गेली, तेव्हा कुणी मोजली नाहीत."

धाकट्याने टोपली तिच्या हातातून हिसकावली आणि पाय आपटत आत गेला.

वर्ष गेलं. पुष्कळशा खेकड्यांना नांग्या आल्या, थोड्या लहानच. बरेच मात्र पुन्हा दिसलेच नाहीत. होडी थोरलीने परत दिली नाही. धाकट्याने दोनदा मागून पाहिली. दोन्ही वेळा तिने त्याला भर धक्क्यावर असं काही झाडलं, की तिथली माणसं आजही भांडताना त्यातले दोन-चार शब्द उसने घेतात.