माळावरची रुसवी

भिवाबाबांना भेटायला विद्यापीठातून कुणीतरी बाई आल्यात, हे त्यांच्याआधी सगळ्या केदारखेड्याला कळलं. बाबा तेव्हा नदीकाठी शेळ्या चारत होते. थोरला मुलगा रामेश्वर मोटारसायकलवर त्यांना न्यायला आला. आपण चौथी शिकलेला माणूस, जन्म मेंढरांमागं गेला, विद्यापीठाचं आपल्याकडं काम ते काय, हाच विचार बाबा वाटभर करत राहिले.

ओसरीवर तृप्ती बसली होती. विद्यापीठानं आपल्या इतिहासाचं संग्रहालय उभारलं होतं. जुने कागद, फोटो, वह्या निवडून जपायचं काम तिच्याकडं होतं. त्या ढिगात तिला चिंचोलीकर सरांच्या टिपणवह्या सापडल्या होत्या. सर वनस्पतिशास्त्राचे, वारून बरीच वर्षं झालेली. त्यांनी जिल्ह्यातली झाडंझुडपं गोळा करून, वाळवून, जाड कागदांवर चिकटवून ठेवली होती, आणि प्रत्येक कागदाखाली त्यांचंच नाव होतं. वह्यांत मात्र पानोपानी दोन शब्द येत होते : ‘भिवा म्हणतो.’ भिवा म्हणतो, हा पाला मेंढरू तोंडात धरत नाही. भिवा म्हणतो, याला तरवड म्हणतात. तृप्तीनं मोजली तर अशी एकशेबारा नावं निघाली. हा भिवा कोण, हे शोधण्यात तिचे दोन महिने गेले होते.

बाबांना सर लख्ख आठवले. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन वर्षांनी ते तीन विद्यार्थी घेऊन आले होते आणि शाळेच्या खोलीत पंधरा दिवस राहिले होते. बाबा तेव्हा पंचविशीतले. रोज उजाडताच ते सरांना घेऊन माळावर जात, बाबा नाव सांगत, सर लिहून घेत.

तृप्ती वहीच्या झेरॉक्सवरून नावं वाचू लागली. मारवेल, पवन्या, दगडीपाला, कुसळी. बाबा मान हलवत गेले.

“आणि ही रुसवी,” ती म्हणाली. “हे नाव दुसऱ्या कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. एकानं तर आपल्या प्रबंधात त्यावर दोन पानं लिहिलीत. उन्हात पानं मिटून घेते म्हणून रुसवी, असं त्याचं म्हणणं.”

बाबांनी मान हलवली नाही. चहा गार होतोय, एवढंच ते म्हणाले. कागद एकदा डोळ्यांखालून घालायला संग्रहालयात याल का, असं तिनं विचारलं, तेव्हा येतो म्हणाले खरे, पण पुढचे चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

रामेश्वरनं जीप काढली. बाबांच्या पत्नी जयवंताबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि कुणी विचारायच्या आत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. आपल्या माणसाचं नाव विद्यापीठात लागणार, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

संग्रहालयात पहिल्या पदवीदानाचा झगा होता, जुना टाइपरायटर होता, इमारत बांधणाऱ्या गवंड्यांचे फोटो होते. जयवंताबाई प्रत्येक गोष्टीपुढं थांबत होत्या. बाबा मात्र सरळ वाळक्या झाडांच्या दालनात गेले. काचेखाली रुसवीची काडी होती, फुलाचा रंग चहासारखा झालेला. ते बराच वेळ तिथंच उभे राहिले.

“मॅडम, एक सांगायचंय,” ते म्हणाले. “हे नाव खरं न्हाई.”

तृप्ती काचेजवळ आली.

“बाकी सगळी बराबर सांगितली. या एकाचं नाव मला येईना, अन् सर वही उघडून तोंडाकडं बघून राह्यले. माहीत न्हाई म्हणायची लाज वाटली. आमचं नवं लगीन झाल्तं. पंधरा दिवस मी माळावरच, म्हणून ही सकाळीच रुसून बसल्ती. डोक्यात तेच. मंग तोंडातून निघून गेलं, रुसवी.”

जयवंताबाई कधी मागं येऊन उभ्या राहिल्या, ते त्यांना कळलंच नव्हतं.

“म्हंजे पन्नास वर्षं मला हितं कागदावर चिकटवून ठेवलं व्हय,” त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की दाराशी बसलेला शिपाई आत डोकावून गेला.

बाबांनी तृप्तीला ते नाव खोडून टाकायला सांगितलं. ती म्हणाली, “इथं खोडत नाहीत, बाबा. लिहिलेलं तसंच ठेवायचं, आणि खरं काय झालं तेही शेजारी लिहून ठेवायचं.” मग तिनं त्यांचं सगळं सांगणं टिपून घेतलं. खाली बाबांनी एकेक अक्षर जुळवत सही केली : भिवा रखमाजी शिंगाडे. जयवंताबाईंचं नाव घालू का, असं तिनं विचारलं.

“घाला,” त्या म्हणाल्या. “पण मी का रुसल्ते तेबी घाला. न्हाईतर लोकं म्हणतील उगीच रुसली.”

चार दिवसांचं ओझं उतरलं तसे बाबा खुर्ची ओढून बसले आणि संध्याकाळपर्यंत उरलेले कागद बघत राहिले. दोन ठिकाणी नावांची अदलाबदल झालेली त्यांनी दाखवली. जे ओळखू आलं नाही, तिथं बिलकुल न अडखळता ‘न्हाई माहीत’ म्हणाले. प्रबंध लिहिणारा विद्यार्थी आता कुठंसं प्राध्यापक होता. तृप्तीनं त्याला कळवलं. त्यानं आठवडाभर उत्तर दिलं नाही, मग दुरुस्ती छापतो म्हणून कळवलं.

जानेवारीत संग्रहालयानं त्या कागदांचे मोठे फोटो करून केदारखेड्याच्या शाळेत मांडले. प्रत्येक फोटोखाली सरांच्या नावाशेजारी बाबांचं नाव होतं. दोन दिवस गाव लोटलं. ते पाहून हेडमास्तरीण कौसल्या मॅडमनी सुचवलं की बाबांनी दर शनिवारी सहावी-सातवीच्या मुलांना माळावर न्यावं, आणि जे सापडेल ते मुलांनी वहीत लिहून संग्रहालयाला पाठवावं.

होळीपर्यंत वहीत एकसष्ट नावं झाली. माळ निम्मा नांगरला गेला होता, काही झाडं आता दिसत नव्हती. बाबांनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. एका रात्री जेवताना त्यांनी रामेश्वरला विचारलं, रविवारी जीप मोकळी आहे का. वाटूरकडच्या खडकाळ रानात नांगर चालत नाही, तिथं आणखी दहा-बारा तरी सापडतील, असा त्यांचा अंदाज होता.